उंची वाढते तेव्हा मातीत नेमके काय बदलते?

पुण्यातील एका महाविद्यालयात भूगोल शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांनी मला प्रश्न पाठवला आहे. दर वर्षी पावसाळा सरला की ते विद्यार्थ्यांना सिंहगडावर नेतात, आणि गेल्या उन्हाळ्यात ते लडाखला जाऊन आले. त्यांचे विचारणे थोडक्यात असे आहे : हिमालय चढताना साल, चीड, देवदार, भोजपत्र, मग गवताळ बुग्याल आणि शेवटी उघडा खडक असे वनस्पतींचे पट्टे एकामागून एक लागतात, मातीतल्या सूक्ष्मजीवांचेही असेच पट्टे असतात का? वर जावे तसे त्यांचे प्रकार कमी होत जातात का? आणि वारा धुळीबरोबर हे जीव जगभर नेत असेल, तर एका डोंगराच्या आणि दुसऱ्या डोंगराच्या मातीत फरक उरतो तरी कसा?

मृदा-सूक्ष्मजीवशास्त्रात माझी पंचवीसहून अधिक वर्षे गेली. त्यातली बरीचशी पुण्याच्या प्रयोगशाळेत आणि काही उन्हाळे लडाखमध्ये गेले. हा प्रश्न मला विद्यार्थ्यांकडून वारंवार येतो आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा घाईने दिले जाते, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

आधी थेट उत्तर देतो. सूक्ष्मजीवांच्या वस्तीत ठळक फरक असतात, काही ठिकाणी ते अगदी पट्ट्यांसारखे दिसतातही. पण ते पट्टे उंचीचे नसतात. उंची हे एक कारण नसून अनेक कारणांचे गाठोडे आहे, आणि ते सोडून पाहिल्याखेरीज आत काय आहे हे कळत नाही. दर १००० मीटरमागे हवेचे तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते, अतिनील किरणांची तीव्रता साधारण दहा टक्क्यांनी वाढते आणि ५५०० मीटरच्या सुमारास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. एवढे तीन बदल उंचीशी बऱ्यापैकी बांधलेले आहेत. पाऊस, बर्फाचा मुक्काम, खडकाचा प्रकार, मातीचे वय, उताराची दिशा आणि वरची झाडी या गोष्टी मात्र प्रत्येक डोंगरावर आपापल्या रीतीने बदलतात. विरळ हवेने आपली दमछाक होते. मातीच्या कणाला चिकटून बसलेल्या जिवाणूला तिचे फारसे काही वाटत नाही. त्याला कळते ते भोवतीच्या पाण्याच्या पातळ थराचे तापमान, त्या पाण्याची आम्लता, त्यात विरघळलेले अन्न आणि तो थर वर्षातले किती दिवस द्रवरूपात टिकतो एवढेच.

पट्ट्यांची कल्पना आपल्या मनात इतकी पक्की का बसली आहे, हेही पाहण्यासारखे आहे. अलेक्झांडर फॉन हंबोल्ट १८०२ मध्ये इक्वाडोरमधील चिंबोराझोवर चढला, आणि त्या अनुभवावरून त्याने १८०७ मध्ये जे प्रसिद्ध चित्र छापले त्यात डोंगराचा छेद दाखवून कोणत्या उंचीवर कोणती वनस्पती वाढते हे लिहिले होते. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांतील डोंगराच्या आकृत्या अजूनही त्याच घराण्यातल्या आहेत. मातीतील जनुकद्रव्य (डीएनए) थेट वाचण्याची सोय झाल्यावर सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी तीच आकृती मनात धरून डोंगर चढायला सुरुवात केली, हे स्वाभाविकच होते.

निकाल मात्र एकमेकांशी जुळेनात. अमेरिकेतील कोलोरॅडोच्या रॉकी पर्वतात २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जिवाणूंच्या ॲसिडोबॅक्टेरिया या मोठ्या गटातले प्रकार वर जावे तसे सरळ घटत गेलेले दिसले, तर त्याच उतारावर वनस्पतींचे वैविध्य मधल्या उंचीवर सर्वाधिक होते. पेरूमधील अँडीजच्या पूर्व उतारावर, सुमारे २०० मीटरपासून ३४०० मीटरपर्यंत केलेल्या आणि २०११ मध्ये छापलेल्या कामात झाडे, पक्षी आणि वटवाघळे वरच्या दिशेने स्पष्ट घटत होती. जिवाणूंच्या वैविध्याला मात्र उंचीनुसार चढही नव्हता आणि उतारही नव्हता. जपानच्या फुजी पर्वतावर जिवाणूंचे वैविध्य मधल्या उंचीवर सर्वाधिक भरले. चीनमधील चांगबाई पर्वतावर वस्तीची रचना बदलताना दिसली, पण ती उंचीपेक्षा मातीच्या सामूशी, म्हणजे आम्ल-विम्लतेच्या मापाशी (pH), अधिक घट्ट जुळत होती. यातले खरे कोणते, असे विद्यार्थी विचारतात. चारही खरे आहेत. त्या चार डोंगरांवर उंचीबरोबर चार निरनिराळ्या गोष्टी बदलत होत्या, आणि सूक्ष्मजीव त्या गोष्टींना प्रतिसाद देत होते.

सामूविषयी थोडे थांबून लिहिणे भाग आहे, कारण माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली तिथे आहे. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतील ९८ ठिकाणच्या मातींचा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जिवाणूंच्या वैविध्याचा अक्षांशाशी किंवा वार्षिक तापमानाशी म्हणण्यासारखा संबंध आढळला नाही; संबंध आढळला तो सामूशी. उदासीन मातीत वैविध्य सर्वाधिक आणि आम्ल मातीत कमी, इतके कमी की झाडाझुडपांनी गच्च भरलेल्या पेरूच्या ॲमेझॉन खोऱ्यातील आम्ल माती या यादीत तळाशी गेली. ज्यांनी वनस्पतिशास्त्राच्या अंगाने विचार केला होता त्यांना हा धक्काच होता. त्यानंतर अनेक खंडांतल्या मातींवर हाच निष्कर्ष पुन्हा पुन्हा मिळाला आहे.

सामूचे इतके वजन का, याची कारणे दोन आहेत. बहुतेक जिवाणू आपल्या पेशीच्या आतला सामू उदासीनच्या आसपास राखतात. बाहेरची माती त्यापासून जितकी दूर, तितकी ऊर्जा नुसता तोल सांभाळण्यात खर्च होते आणि तो खर्च न परवडणारे प्रकार मागे पडतात. दुसरे असे, की सामूबरोबर मातीतली कितीतरी इतर गणिते बदलतात. तो साडेपाचच्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळून विषारी ठरू लागते, स्फुरद जखडला जातो, चुना आणि मॅग्नेशियम पाण्याबरोबर वाहून गेलेले असतात. सामूचा एक आकडा म्हणजे त्या मातीवर हजारो वर्षांत किती पाऊस पडला, तिच्याखाली कोणता खडक आहे आणि तिच्यावर कोणती पाने कुजली, या सगळ्याची एकत्रित नोंद असते.

हे आपल्याकडच्या मातीवर अगदी स्वच्छ दिसते. माझ्या प्रयोगशाळेत नवा विद्यार्थी आला की त्याला मी पहिल्या दिवशी दोन मातींचा सामू मोजायला लावतो. एक माती महाबळेश्वरच्या बाजूच्या जांभ्यावरची आणि दुसरी बारामतीकडच्या शेतातली काळी. दोन्ही सावलीत वाळवून, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळून, प्रत्येकी १० ग्रॅम माती चंचुपात्रात घ्यायची, २५ मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी घालायचे, काचकांडीने अधूनमधून ढवळत अर्धा तास ठेवायचे. जांभ्याची माती पाण्यात विटकरी रंग सोडून लवकर तळाशी बसते. काळी मात्र फुगून चिकट होते आणि काचकांडीला बिलगून वर येते. मापकाचे टोक बुडवले की पहिल्या पात्रात आकडा साडेपाचच्या जवळ थांबतो आणि दुसऱ्यात आठच्या वर जातो. सामूची मोजपट्टी दसपटीची असल्यामुळे पावणेतीन अंकांचा हा फरक म्हणजे हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात सुमारे पाचशे पटींचा फरक आहे.

आता हीच दोन ठिकाणे एखाद्याने उंचीच्या आलेखावर मांडली असे समजा. महाबळेश्वर सुमारे १४०० मीटरवर, बारामती साडेपाचशेच्या आसपास. दोन्हीकडचे जिवाणू वाचले तर महाबळेश्वरच्या मातीत ॲसिडोबॅक्टेरियाचे आम्लप्रिय उपगट भरपूर निघतील, बारामतीच्या मातीत ते नगण्य असतील आणि ॲक्टिनोबॅक्टेरिया या दुसऱ्या गटाचे प्रमाण चांगले असेल. ‘उंचीनुसार ॲसिडोबॅक्टेरिया वाढतात’ असे वाक्य लिहायला मोह होतो. माझ्याच एका विद्यार्थ्याने ते प्रबंधाच्या कच्च्या मसुद्यात लिहिले होते. त्याला मी रत्नागिरीच्या सड्यावर पाठवले. तो जांभा समुद्रापासून फार उंच नाही, पण तिथेही कोकणचा पाऊस शतकानुशतके माती धूत आला आहे आणि तिथलीही माती आम्ल आहे. तिथल्या नमुन्यातली वस्ती महाबळेश्वरशी जवळीक सांगत होती, बारामतीशी नव्हे. उंचीचा मुद्दा तिथेच गळून पडला आणि पाऊस व खडक हे दोनच मुद्दे उरले. (ॲसिडोबॅक्टेरिया हे नाव ऐकून ते सगळेच आम्लप्रिय असतात असे समजू नये, त्यांचे चौथ्या आणि सहाव्या क्रमांकाचे उपगट उलट उदासीन मातीकडे अधिक दिसतात. गटाच्या नावावरून स्वभाव ठरवण्याने पुष्कळ घोटाळे झाले आहेत.)

हिमालयात हीच गोष्ट मोठ्या मापावर घडते. लेहला वर्षभरात सुमारे १०० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो. धुऊन नेणारे पाणीच नसल्याने चुना आणि क्षार जागीच राहतात आणि लडाखची माती बहुतेक ठिकाणी विम्लधर्मी असते. पूर्वेला सिक्कीममध्ये तेवढ्याच उंचीवर मोसमी पाऊस माती धूत राहतो, ऱ्होडोडेंड्रॉनची पाने सावकाश कुजून काळा, आम्ल थर साठतो. नकाशावर दोन्ही ठिकाणे ‘उच्च हिमालय, ४००० मीटर’ या एकाच रकान्यात बसतात. मातीतल्या जीवांना विचाराल तर ती दोन वेगळी राज्ये आहेत. म्हणून ‘हिमालयातील मातीचे सूक्ष्मजीव’ असा शीर्षकातला सरसकट उल्लेख मला नेहमी खटकतो.

पाण्याचा मुद्दा सामूच्या खालोखाल येतो, आणि फार उंचावर तर तो सामूलाही मागे टाकतो. इथे बर्फाविषयीचा एक रूढ समज दुरुस्त करायला हवा. बर्फाखाली माती निपचित पडलेली असते असे आपण धरून चालतो. कोलोरॅडोच्या नायवॉट रिज या संशोधन-क्षेत्रावर अनेक वर्षे केलेल्या मोजमापांनी याच्या उलट दाखवले. बर्फाची जाड दुलई पडली की खालची माती शून्य अंशाच्या आसपास राहते, तिच्यात द्रव पाण्याचे पापुद्रे टिकतात आणि शरदात वाळलेल्या वनस्पतींवर बुरशी व जिवाणू हिवाळाभर काम करत राहतात. सूक्ष्मजीवांचे एकूण वजन हिवाळ्याच्या शेवटी सर्वाधिक भरते. २००३ मध्ये याच बर्फाखालच्या मातीतून बुरशीच्या तोवर अज्ञात असलेल्या शाखा उजेडात आल्या. बर्फ वितळू लागला की ही हिवाळी वस्ती कोसळते, तिच्यातला नत्र मातीत सुटतो आणि नेमक्या त्याच वेळी वाढीला लागलेल्या गवताला तो मिळतो. उन्हाळी वस्ती वेगळी असते.

याचा अर्थ असा, की उंच डोंगरावर ‘कुठे’ या प्रश्नाइतकाच ‘केव्हा’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आपल्याकडचे बहुतेक नमुने जून ते सप्टेंबर या काळात, खिंडी उघड्या असताना घेतलेले असतात. मी स्वतःही तेच केले आहे. आपण ज्याला वितरणाचा नकाशा म्हणतो तो वस्तुतः उन्हाळ्याचा नकाशा आहे, आणि त्यावर तसे स्पष्ट लिहिले पाहिजे असा माझा आग्रह असतो.

आता प्रश्नातल्या ‘पट्टे’ या शब्दाकडे पुन्हा वळतो, कारण लडाखमध्ये मी जे पाहिले त्याने माझी या शब्दावरची भिस्तच कमी झाली. त्सो मोरीरी सरोवराच्या वरच्या उतारांवर, पावणेपाच हजार मीटरच्या आसपास, थायलाकोस्पर्मम नावाची एक वनस्पती उशीसारखे गच्च, गोलसर, टणक घुमट करून वाढते. तिच्यावर हात ठेवला तर दगडावर ठेवल्यासारखा वाटतो. घुमटाच्या कडेला बोटभर खोल उकरले की आत ओलसर, काळपट, कुजलेल्या पानांनी भरलेली माती लागते, नाकाशी नेली तर पहिल्या पावसासारखा वास येतो. तो वास स्ट्रेप्टोमायसिसच्या जातीचे जिवाणू जिओस्मिन नावाचे जे द्रव्य बनवतात त्याचा. घुमटापासून वीतभर अंतरावर नुसती भरड, कोरडी, राखाडी वाळू असते, आणि तिला कसलाही वास नसतो. त्या दोन जागांचे नमुने आम्ही वेगवेगळ्या पिशव्यांत भरले. त्यांच्यातला फरक त्याच उतारावर चारशे मीटर उंचीच्या फरकाने खाली आणि वर घेतलेल्या दोन उघड्या नमुन्यांतल्या फरकापेक्षा मोठा निघाला. वीतभर अंतराने जे बदलले ते चारशे मीटर चढून बदलले नव्हते.

त्याच परिसरात दुसरी पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे मातीवरचा जैविक पापुद्रा. वरून तो किंचित गडद, खरबरीत डागासारखा दिसतो आणि नवखा माणूस त्यावर पाय देऊन पुढे जातो. चाकूच्या टोकाने त्याचा नखाएवढा तुकडा अलगद उचलला तर वाळूचे कण खाली पडत नाहीत, बारीक धाग्यांना लटकून राहतात. ते धागे नील-हरित जिवाणूंचे असतात. ते प्रकाशावर अन्न तयार करतात, त्यांच्यातले नॉस्टॉकसारखे काही हवेतला नत्रही बांधतात, आणि बाकीचे जिवाणू त्यांच्या जिवावर राहतात. जिथे झाडे नाहीत तिथे मातीची सुरुवात इथून होते. पेरूमधील पुका हिमनदी मागे सरकल्यावर सुमारे ५००० मीटरवर उघड्या पडलेल्या जमिनीचा अभ्यास झाला, तेव्हा हेच नील-हरित जिवाणू पहिल्या काही वर्षांतच वाढलेले, नत्र बांधला जाऊ लागलेला आणि माती घट्ट होऊ लागलेली दिसली. वनस्पती त्या मागाहून आल्या. एखादी जागा बर्फातून मोकळी होऊन किती वर्षे झाली, हा प्रश्नही म्हणूनच नकाशात धरावा लागतो. एकाच उंचीवर दहा वर्षांची आणि दहा हजार वर्षांची माती शेजारी शेजारी असू शकते.

लडाखमध्ये बियांच्या वनस्पती ६१५० मीटरपर्यंत पोचल्याची नोंद आहे. वनस्पतींचीही सीमा ओलांडल्यावर काय उरते, याचे चांगले उत्तर दक्षिण अमेरिकेच्या अटाकामा वाळवंटातील ज्वालामुखींवरून मिळाले आहे. ६७३९ मीटर उंचीच्या युयायाकोवर, सहा हजार मीटरच्या वर, जवळजवळ निर्जल मातीत मोजकेच प्रकार सापडतात. त्यांत नागानिशिया नावाचे यीस्ट वारंवार भेटते, आणि वाऱ्याने आणलेल्या सेंद्रिय कणांवर, बर्फ पडून वितळण्याच्या अल्प काळात ते तग धरते असे मानले जाते. जवळच्या सोकोम्पा ज्वालामुखीवर मात्र वाफ सोडणाऱ्या फटींभोवती शेवाळ आणि जिवाणूंनी भरलेले हिरवे ठिपके आहेत, आणि त्या ठिपक्यांबाहेर पाऊल टाकले की पुन्हा ओसाड जमीन. उंची तीच, थंडीही जवळपास तीच. फक्त पाणी आणि ऊब मिळाली आणि वैविध्य अनेक पटींनी वाढले.

बुरशीविषयी थोडक्यात सांगतो. सामूचा धाक तिला जिवाणूंइतका नसतो. तिचे नाते वनस्पतींशी अधिक घट्ट आहे. चीड, देवदार, बांज (हिमालयातला ओक), भोजपत्र यांच्या मुळांवर आवरण घालून राहणारी बुरशी झाडांबरोबर वर येते आणि वृक्षरेषेपाशी एकदम विरळ होते, तर गवत आणि औषधी वनस्पतींच्या मुळांत शिरून राहणारी दुसऱ्या प्रकारची बुरशी बुग्यालात पुढे चालू राहते. म्हणून आपण पाहिलेल्या वनस्पतींच्या पट्ट्यांशी थोडेफार जुळणारे पट्टे कुठे शोधायचेच असतील तर ते बुरशीत शोधावेत.

राहिला वाऱ्याचा प्रश्न, आणि तो मला सर्वांत आवडतो. डच शास्त्रज्ञ बास बेकिंग याने १९३४ मध्ये, आपल्या आधीच्या पिढीतील बायरिंकचा विचार पुढे नेत, असे सूत्र मांडले की सगळे जीव सगळीकडे असतात, पण परिसर निवड करतो. या सूत्राला आधार देणारे पुरावे आहेत. पोलारोमोनास या जिवाणूचे जवळजवळ सारखे प्रकार जगातल्या एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या हिमनद्यांवर सापडतात. २०१८ मध्ये सहा खंडांतील २३७ ठिकाणच्या मातींच्या अभ्यासात केवळ ५११ प्रकार, म्हणजे एकूण प्रकारांच्या सुमारे दोन टक्के, जगभरच्या मातीतील जिवाणूंचा जवळपास निम्मा वाटा व्यापताना दिसले. आपल्या थरच्या वाळवंटातली धूळ पश्चिम हिमालयाच्या बर्फावर जाऊन बसते, आणि तिच्याबरोबर सूक्ष्मजीव जातातच.

विरोधी पुरावाही तितकाच भक्कम आहे. उकळत्या आम्ल झऱ्यांत राहणाऱ्या सल्फोलोबस या आर्कियाचे (जिवाणूंसारखाच दिसणारा, पण वेगळ्या कुळातला सूक्ष्मजीव) कामचाटका, यलोस्टोन, आइसलँड आदी ठिकाणचे नमुने २००३ मध्ये तपासले गेले, तेव्हा प्रत्येक प्रदेशातली वस्ती वेगळी आणि अंतर वाढेल तसा फरक वाढत गेलेला दिसला. ज्याला जगायला फारच विशिष्ट जागा लागते त्याला मधला प्रवास झेपत नाही. ज्याला बीजाणू करता येतात, वाळून आणि गोठून टिकता येते, त्याला वारा सोयीचा. म्हणजे ‘सूक्ष्मजीव पसरतात का’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कोणता सूक्ष्मजीव, हे आधी विचारावे लागते.

शिवाय पोचणे आणि नांदणे यांत अंतर आहे. पाहुणा दारात आला म्हणून तो घरचा होत नाही. एव्हरेस्टच्या साउथ कोल या खिंडीतील, सुमारे ७९०० मीटरच्या गोठलेल्या मातीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात स्टॅफिलोकॉकस आणि स्ट्रेप्टोकॉकस या, माणसाच्या त्वचेवर आणि नाकातोंडात राहणाऱ्या गटांतल्या जिवाणूंचे अंश सापडले. गिर्यारोहकांच्या शिंकांतून आणि खोकल्यातून ते तिथवर गेले असावेत. तिथे ते वाढत आहेत असे त्यावरून मुळीच ठरत नाही. थंडीने त्यांना जतन केले आहे एवढेच ठरते.

आपल्या पद्धतीतली सर्वांत मोठी गफलत इथेच होते. आपण मातीतले जनुकद्रव्य वाचतो, आणि ते जिवंत पेशीचे की मेलेल्या, हे ते वाचन सांगत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत मातीतल्या जनुकद्रव्यापैकी सरासरी ४० टक्के भाग मृत किंवा फुटलेल्या पेशींचा निघाला. थंड, कोरड्या जागी असे अवशेष अधिक काळ टिकतात. त्यामुळे उंच डोंगरावरची यादी लांबलचक दिसली तरी तीत रहिवासी किती आणि वाऱ्याने टाकलेले अवशेष किती, हे वेगळे तपासावे लागते : श्वसन मोजून, काम करणाऱ्या पेशींत बनणारे आरएनए वाचून, आणि जमेल तितके जीव प्रत्यक्ष वाढवून. मातीतल्या शंभरांत एखादाच जिवाणू नेहमीच्या थाळीवर उगवतो हे खरे, पण जो उगवतो त्याच्याविषयी खात्रीने बोलता येते. पुण्यात आपल्याला याची मोठी सोय आहे. आघारकर संशोधन संस्थेतील बुरशीचा राष्ट्रीय संग्रह, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आणि राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र, हे तिन्ही याच शहरात आहेत. डोंगरावरून आणलेला एखादा जीव वाढला तर तो इथे जतन करता येतो आणि वीस वर्षांनी दुसऱ्या कोणाला पुन्हा तपासता येतो.

नमुन्यांच्या हाताळणीविषयी एक अनुभव सांगतो, कारण त्याची किंमत मी मोजली आहे. एका वर्षी लेहहून पाठवलेला आमचा थर्माकोलचा डबा मालवाहतूक करणाऱ्यांच्या गोदामात तीन दिवस पडून राहिला. पुण्यात उघडला तेव्हा बर्फाच्या पिशव्या कोमट पाण्याच्या झाल्या होत्या. तरीही आम्ही वाचन केले, आणि सगळ्या उंचीच्या नमुन्यांत तेच चार-पाच झपाट्याने वाढणारे जिवाणू वरचढ दिसले. कागदावर ते निष्कर्ष मोठे सुबक दिसत होते : उंचीचा काहीही परिणाम नाही! त्या हंगामाचे सर्व ३६ नमुने आम्ही बाद केले. तेव्हापासून प्रत्येक नमुन्याचा एक भाग आम्ही जागेवरच जनुकद्रव्य टिकवणाऱ्या द्रावणात घालतो, आणि एक कुपी माती न घालता, नुसत्या द्रावणाची, सगळ्या प्रवासात बरोबर ठेवतो. ज्या मातीत मुळातच जीव थोडे, तिथे रसायनांतून आणि हातांतून आलेले जिवाणू खऱ्यांवर सहज मात करतात. त्या रिकाम्या कुपीत जे निघेल ते यादीतून काळजीपूर्वक तपासून वजा करावे लागते.

विद्यार्थ्यांना हे सगळे दाखवायला लडाखपर्यंत जाण्याची गरज नाही. आतकरवाडीपासून सिंहगडाच्या माथ्यापर्यंत साधारण सहाशे मीटरची चढण आहे, म्हणजे हवेच्या तापमानात सरासरी चार अंशांचा फरक. या चढणीवर सहा ठिकाणे निवडावीत, आणि प्रत्येक ठिकाणी एकाऐवजी तीन नमुने घ्यावेत : एक झाडाखाली, एक गवतात आणि एक उघड्या मुरमावर, तिन्ही शक्यतो दहा पावलांच्या आत. वरचा पालापाचोळा बाजूला करून गिरमिटाने वरची पाच सेंटिमीटर माती घ्यावी, खोली सगळीकडे तीच ठेवावी. सामू, ओल आणि सेंद्रिय कर्ब एवढे तीनच आकडे मोजले तरी चालतील. मग ते आकडे आधी उंचीनुसार मांडावेत आणि नंतर झाड, गवत, मुरूम असे गट पाडून मांडावेत, आणि कोणत्या मांडणीत आकडे अधिक नीट बसतात ते विद्यार्थ्यांनाच ठरवू द्यावे. हेच मोजमाप पावसाळ्याच्या तोंडावर एकदा आणि दिवाळीनंतर एकदा करावे. नमुने पायवाटेपासून आणि देवटाक्याच्या आसपासच्या वर्दळीपासून निदान वीस पावले आत घ्यावेत, कारण रविवारी त्या वाटेने चढणाऱ्या हजारो पावलांबरोबर खालची माती वर जात असते.